देखावा क्रमांक सहा

दुपारी दोन वाजता शाळेच्या स्वयंपाकघराची शेवटची भांडी धुवून झाली, की बर्नाडेट मागच्या खोलीत बाकावर बसायची आणि पाच मिनिटं नुसती बुटांकडे बघत राहायची. सकाळी साडेसहापासून उभं राहून सव्वाचारशे मुलांची ताटं भरायची, चीज वितळलेले ट्रे खरवडायचे, केसांवरची जाळी सावरत पुन्हा पुढची रांग. वय सहासष्ट. गुडघे दोन्ही कुरकुरणारे, त्यातला डावा जास्त. मग बूट बदलून ती गाडीत बसायची आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असेल तर घराकडे न वळता पूल ओलांडून रुळांच्या बाजूला जायची. तिथे तिचा भाऊ एमिल राहायचा.

एमिल कुबाच्का तिच्याहून सात वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. अडतीस वर्षं स्लेट फोर्कच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणी तपासायचं काम केलं: चाकं, ब्रेक, जोडण्या. निवृत्त झाल्यावर तळघरात छोटी रेल्वे उभी केली. पाहुण्यांपैकी कुणी तिला खेळणं म्हटलं तर त्याला दुसऱ्यांदा कॉफी मिळायची नाही. आणि तीन वर्षांपूर्वी त्याचे डोळे जायला लागले. तेही विचित्र तऱ्हेने. मधोमधचं दिसेना आणि कडेचं दिसत राहिलं. माणसाकडे सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आणि भोवती कान, केस, कॉलर. बर्नाडेटचं तोंड बघायचं तर तो तिच्या शेजारच्या फ्रिजकडे बघायचा. पहिल्यांदा तिला वाटलं होतं, रागावलाय म्हणून तोंड फिरवून बोलतो.

तेव्हापासून तिचे हे तीन दिवस ठरले. त्याची टपालं वाचून दाखवायची, गोळ्या आठवड्याच्या डब्यात भरायच्या, दाढी नीट झालीय का ते बघायचं, दोन दिवसांचं जेवण करून ठेवायचं. घरात परकं माणूस आणायला त्याचा ठाम नकार होता. म्हातारपणाच्या मदतीसाठी काउंटीच्या कचेरीतून एक बाई घरी येते, असं तिने एकदा सांगून बघितलं होतं, तर तो म्हणाला, मग ती बाई माझे ड्रॉवर उघडून बघणार आणि चर्चमध्ये जाऊन सांगणार. विषय तिथेच बंद झाला.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी ती कोबी आणि नूडल्सच्या हालुश्कीचं पातेलं घेऊन आली, तेव्हा तो वर स्वयंपाकघरात नव्हता. तळघराच्या जिन्यातला दिवा चालू होता. तिने पातेलं शेगडीवर ठेवलं, कठडा धरून एकेक पायरी उतरली आणि तिच्या लक्षात आलं, की आज लवकर सुटका नाही.

कामाच्या टेबलावर एमिलने कागदाच्या सात पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक पट्टी वीतभर उंच आणि हातभर लांब, कोपऱ्यांवर वजनाला मालगाडीची डबडी ठेवलेली. ओहायोतली एक कंपनी छोट्या रेल्वेच्या मागे लावायचे देखावे छापून विकते; तिने हे नमुने पाठवले होते.

तळघराच्या दोन भिंतींना लागून, कमरेच्या उंचीवर, एमिलचं खोरं पसरलं होतं. साल एकोणीसशे बासष्ट, महिना ऑक्टोबर. कोळसा भरायचा उंच सांगाडा, कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांची रांग, यार्ड, चर्च, घरं. झाडं तर शेकडो. रस्त्याकडेला उगवणाऱ्या गोल्डनरॉडच्या वाळक्या काड्यांना रंगवलेला भुसा चिकटवून त्याने ती केली होती. डोळे जात असतानाच शेवटची शंभर झाडं झाली. त्यांतली काही जांभळी निघाली होती आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता राहिली होती फक्त मागची भिंत. तिथे आकाशी रंगाचं कोरं प्लायवूड होतं. कोपऱ्यात पत्रा वाकवून गोलाई दिली होती, म्हणजे आकाशाला कोपरा दिसायला नको.

हा देखावा एमिल स्वतः रंगवणार होता. छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबातल्या चार जणांचे डोंगर त्यानेच रंगवून दिले होते. छापील देखावा लावणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, दुकानातून आकाश आणलंय बिचाऱ्याने. ते बर्नाडेटला आठवलं. ईस्टरनंतरच्या शनिवारी क्लबची मंडळी घरोघरच्या रेल्वे बघायला फिरणार होती आणि यंदा एमिलचं घर यादीत होतं. तोपर्यंत भिंत कोरी ठेवायची त्याची तयारी नव्हती.

तो म्हणाला, नंबर एकपासून सांग. तिने पट्टी उचलली. म्हणाली, डोंगर आहे. हिरवा. वर आकाश. निळं.

"बर्नी, तू सरकारी कचेरीत असायला हवी होतीस," तो बॉयलरकडे बघत म्हणाला. "डोंगर कसा आहे?"

"डोंगरासारखा."

मग त्याने शिकवायला सुरुवात केली. क्षितिज किती उंचीवर आहे? उजेड कुठून येतो, सावल्या डावीकडे पडतात का उजवीकडे? लांबचा डोंगर जवळच्यापेक्षा फिका आहे ना? रस्ता आहे का, आणि असला तर तो पुढे कुठे जातो? कारण मागच्या चित्रातला रस्ता भिंतीशी येऊन तुटला, की सगळं मुसळ केरात. बर्नाडेटने पट्टी नाकाजवळ नेली, लांब धरली, चष्मा बदलला. एक नंबरला बर्फाची शिखरं निघाली. पश्चिमेकडचे डोंगर, आपले नव्हेत. दोनला लाल कोठार आणि मक्याचं शेत, भर उन्हाळा. त्याची झाडं ऑक्टोबरची. तीनला शहर. चारला पानझडीचे डोंगर होते खरे, पण मधोमध शेताचं पांढरं घर, जे तीन ताव जोडल्यावर तीनदा आलं असतं. पाचला रंग त्याला पटेना, म्हणजे तिने सांगितलेला रंग. ती म्हणाली तपकिरी. तो म्हणाला, कसला तपकिरी, कॉफी का माती का घोडा. ती म्हणाली, तपकिरी म्हणजे तपकिरी. सहाला मोठं तळं होतं. ते तिने वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाजूला ठेवलं, कारण स्लेट फोर्कच्या खोऱ्यात नदी आहे, तळं नाही. सातला वाळवंट.

"आपला टर्की रिज कसा दिसतो, तोच सांग आधी," तो म्हणाला. "म्हणजे पाच नंबर त्याच्या जवळ जातो का ते कळेल."

बर्नाडेट त्या डोंगराखाली जन्मली होती. लग्न होऊन ती नदीपलीकडे गेली, तेही त्याच डोंगरासमोर. नवरा, लेनर्ड, गेला तेव्हा दफनभूमीत उभी होती, तीसुद्धा त्याच्याच उतारावर. पण डोंगराचा उंचवटा डावीकडे आहे का उजवीकडे, हे तिला सांगता येईना. एमिलने उसासा सोडला आणि म्हणाला, वर जाऊन बघून ये.

बारा पायऱ्या चढून ती मागच्या दारी गेली. मार्च होता, हवा ओली आणि थंड. समोर डोंगर होता. झाडांवर पान नव्हतं. नीट बघायचं म्हणून ती बघायला लागली आणि मग पायरीवर बसली, कारण गुडघा उभं राहू देईना. बसल्यावर कळलं, की आज ती पहिल्यांदाच खुर्ची, बाक किंवा गाडीची सीट सोडून कुठे बसलीय आणि कुणी काही मागत नाहीये. तिने डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं.

जाग आली ती एमिलच्या हाकेने. दहा-पंधरा मिनिटं गेली असावीत. तिच्या मांडीवर कोट पडला होता, एमिलचा जुना यार्डातला. म्हणजे तो वर येऊन, चाचपडत, तिच्या अंगावर टाकून पुन्हा खाली गेला होता आणि मग खालून हाका मारत होता.

ती खाली आली आणि म्हणाली, "उंचवटा डावीकडे. मग उतार, मग पुन्हा लांबट पाठ. बसलेल्या गायीसारखी. रंग तपकिरी नाही. वरून जांभळट आहे, खाली राखाडी. तुझ्या कामाच्या शर्टांचा व्हायचा ना धुऊन धुऊन, तसला."

एमिल म्हणाला, हे दोन वर्षांतलं तुझं सगळ्यात लांब वाक्य. आणि मग, अगदी सहज, जसं मीठ दे म्हणावं तसं तो म्हणाला, "मग तूच निवड. तुला दिसतंय. जो बरा वाटेल तो मागव."

तिला रागावायचं नव्हतं. राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं आणि ते तिच्याकडे सकाळी अकरापर्यंतच असायचं. पण तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"मी नाही निवडणार. आईला कुठल्या वृद्धाश्रमात ठेवायचं ते मी निवडलं. लेनर्डच्या थडग्याचा दगड मी निवडला. तुझे डॉक्टर, तुझे मोजे, तुझं सूप, सगळं मी. आता तुझा डोंगर पण मीच? राहू दे भिंत निळी. निळी काय वाईट आहे?"

"क्लबातले येणार आहेत."

"मग त्यांना विचार."

हालुश्की गरम करून, ताट त्याच्यासमोर ठेवून ती निघाली. काटा उजव्या हाताला आहे, एवढं सांगून गेली. गाडी चालवताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त पुलावर सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याला भोंगा वाजवावा लागला.

शुक्रवारी तिने चर्चच्या तळघरातल्या मासळीच्या जेवणातून दोन पुड्या घेतल्या आणि एक त्याला नेऊन दिली. बुधवारचं कुणी काढलं नाही. पण एमिल काहीतरी पोटात ठेवून बसला होता. मासा अर्धा झाल्यावर त्याने सांगितलं, की देखावा मागवलाय.

कसा, कुणी, कधी, तिने विचारलं. टेलिफोनवर, तो म्हणाला. कंपनीचा नंबर त्याने मोठ्या आकड्यांच्या फोनवर चाचपून फिरवला होता आणि पलीकडे एक बाई निघाली, लोरेटा नावाची. त्याने तिला सरळच सांगितलं, मला दिसत नाही, तुमचे नमुने माझ्या बहिणीने वाचून दाखवले. लोरेटा म्हणाली, थांबा, मी एकेक उघडते. आणि मग तिने चाळीस मिनिटं सातही देखावे डावीकडून उजवीकडे सांगितले. सावल्या, क्षितिज, झाडं, सगळं. मध्ये दुसरा फोन आला तर त्याला थांबवून ठेवलं.

बर्नाडेटने मासा खाली ठेवला. तिच्या आतून काहीतरी खरचटल्यासारखं झालं. तीन वर्षं ती त्याला औषधांच्या बाटल्या, विजेची बिलं, मृत्यूच्या बातम्या वाचून दाखवत होती. आणि इथे चाळीस मिनिटांत कुणी लोरेटा.

"तिचं ते कामच आहे," ती म्हणाली. "सकाळपासून बसून असते ती."

"मी कुठे काय म्हटलं?"

"मग कुठला घेतलास? पाच?"

एमिलने खिडकीकडे, म्हणजे तिच्याकडे, बघितलं. "सहा."

तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, त्या बाईने चुकीचं सांगितलं. पण तसं नव्हतं. लोरेटाने तळंच सांगितलं होतं. सकाळ आहे, म्हणाली होती; धुकं अर्धं उठलंय, अर्धं पाण्यावर आहे. तीन ताव मिळून एकच लांब चित्र, काठावर एक होडी पालथी घातलेली. मागे डोंगर, ऑक्टोबरचे. आणि सांगता सांगता ती म्हणाली, माझे वडील अशाच एका तळ्यावर मासे धरायला न्यायचे, ते बोलायचे नाहीत, मीही बोलायचे नाही. एमिल म्हणाला, मग मी तोच मागवला.

"पण आपल्या खोऱ्यात तळं कुठंय?"

"नाही. मला माहीत आहे. मी आंधळा होतोय, वेडा नाही झालो." तो पुढचं हळू बोलला. "डॅडच्या लहानपणी महापूर आला, तेव्हा सरकारने वरच्या अंगाला धरण बांधायचं कबूल केलं होतं. बांधलं नाही. माझ्या खोऱ्यात बांधलंय, समज."

वर्षानुवर्षं जो माणूस एका वाघिणीवरचा आकडा चुकीच्या सालातला निघाला तर ती रंगवून पुन्हा करायचा, त्याने हे बोलावं याचं तिला नवल वाटलं. पण विचारायला तिच्यात जोर नव्हता. तिने त्याच्या माशातले काटे काढून दिले.

गुंडाळ्या आल्या तीन. मोठ्या, जड, प्लास्टिकच्या नळीत. गुड फ्रायडेला शाळा बंद होती, म्हणून तो दिवस ठरला. क्लबचा सेक्रेटरी हार्लन मदतीला येणार होता, पण त्याची पाठ धरली. त्याने फोनवर मनापासून माफी मागितली आणि खळ कशी पातळ करायची ते सांगितलं. राहिली ही दोघं.

रेल्वे मध्ये आणि भिंत पलीकडे. म्हणजे टेबलावरून ओणवं होऊन, कोकच्या भट्ट्यांना आणि चर्चच्या मनोऱ्याला धक्का न लावता हात लांब करायचा. बर्नाडेट स्टुलावर चढली. तिने भिंतीला खळ लावली, एमिलने खालून गुंडाळी उलगडत दिली. पहिला ताव तिरका लागला. तिला ते कळलं नाही, त्यालाच कळलं. त्याने पाणसळीची नळी कडेला धरायला लावली, बुडबुडा कुठे आहे विचारलं आणि म्हणाला, काढ. तिने काढला. खळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. पुन्हा लावला. दुसऱ्या तावाच्या वेळी एक आडवी सुरकुती बरोबर पाण्यातून गेली.

"सुरकुती आलीय," ती म्हणाली.

"तू ओढलंस."

"मी धरून होते. तू सोडलंस."

"मी सोडलं असतं तर मला कळलं असतं, बर्नी. माझे हात अजून आहेत."

ते खरं होतं. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः पोटाने टेबलावर रेलला आणि दोन्ही तळवे कागदावर ठेवले. डोळे मिटून, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता, तो मधून कडेकडे सरकत गेला. चाकाला चीर आहे का बघताना यार्डात तो असाच हात फिरवायचा. हवेचे फुगे त्याच्या बोटांखालून कडेला जाऊन बाहेर पडले. सुरकुती पूर्ण गेली नाही. पण एवढी बारीक झाली की पाण्यावरची ओळ वाटावी.

तिसरा ताव कोपऱ्याच्या गोलाईतून घ्यायचा होता. बर्नाडेटने स्टूल सरकवलं, एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलायला गेली तर तो उचललाच गेला नाही. दुखलं नाही. नुसता आला नाही वर. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर, हात खळीने बरबटलेले. मग खाली उतरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

एमिल गुंडाळी हातात धरून उभा होता. त्याने दोनदा विचारलं, चढलीस का.

"एमिल, मी दमलेय."

तो म्हणाला, मग कॉफी घेऊ, तिसरा नंतर लावू.

"आजचं नाही म्हणत. कॉफीने जाणारं नाही हे." तिने हात समोर धरले होते, कुठे पुसावेत ते सुचत नव्हतं. "मी सकाळी उठते तेव्हाच दमलेली असते. मुलांच्या ताटात काय वाढलं ते मला आठवत नाही. परवा गाडी तुझ्या दारात उभी केली आणि मी कशी आले तेच आठवेना. मला बुधवारी यायला जमणार नाही. सोमवार-शुक्रवार येईन. बुधवारी ती काउंटीची बाई येऊ दे."

एमिलने गुंडाळी टेबलाला टेकवून ठेवली, नीट, घरंगळणार नाही अशी. मग त्याने मान वळवली आणि बॉयलरकडे बघितलं. तिला ठाऊक होतं, की आता तो तिलाच बघतोय. तिचे केस, तिचे खांदे, मधल्या डागाच्या कडेने जेवढी दिसेल तेवढी.

"परकी बाई," तो म्हणाला.

"लोरेटा परकीच होती."

"ती ओहायोत होती."

बर्नाडेटला हसू आलं, पण ते नाकातूनच बाहेर पडलं. एमिल हसला नाही. त्याने विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली, फॉर्म जानेवारीपासून पर्समध्ये आहे. त्याने विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं होतं, तू ड्रॉवरचं बोललास. वर स्वयंपाकघरात घड्याळ टकटकत होतं, बाहेरून एक लांबलचक मालगाडी गेली, आणि नेहमीप्रमाणे तो ओठ हलवत डबे मोजत राहिला. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला, "त्या दिवशी तू मागच्या पायरीवर झोपलीस. मी वर आलो, हाक मारली, तर उत्तर नाही. पायाने चाचपत आलो. मला वाटलं, गेलीस तू."

"मग?"

"मग घोरलीस." तो थांबला. "कोट टाकला. आणि तू निघून गेल्यावर टेलिफोनचा विचार करत बसलो. म्हटलं, डोंगर तरी आपला आपण घ्यावा."

त्याने हात पुढे केला आणि फॉर्म मागितला. तिने हात धुतले, पर्स आणली, कागद टेबलावर पसरला आणि त्याची तर्जनी धरून सहीच्या ओळीवर ठेवली. त्याने सही केली. ती ओळीच्या वर चढली, पण नाव वाचता येत होतं. पुढचं सगळं तिला वाचून दाखवावं लागलं: आजार, औषधं, जवळचे नातलग. धर्माच्या रकान्यापाशी तो म्हणाला, लिही, रेल्वे. तिने लिहिलं नाही.

तिसरा ताव त्या दिवशी लागला नाही. तो सोमवारी हार्लनने लावला, पाठीला पट्टा बांधून, आणि कोपऱ्यात थोडा फाटला म्हणून तिथे झाडं उभी करून झाकला. त्यांतलं एक जांभळं होतं.

ईस्टरनंतरच्या शनिवारी क्लबातले अकरा जण येऊन गेले. बर्नाडेट गेली नव्हती. तिने फक्त अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेले दोन गोड पाव भाजून शुक्रवारी ठेवले होते. हार्लनने नंतर फोनवर सगळा वृत्तान्त दिला. लोकांनी कोकच्या भट्ट्यांचं कौतुक केलं. एकाने विचारलं, हे तळं कुठलं, आम्ही इथेच वाढलो, कधी बघितलं नाही. एमिलने धरणाची गोष्ट सांगितली. कुणी हसलं, कुणी म्हणालं, बांधायलाच हवं होतं. मग एका चिकित्सक माणसाने दाखवलं, की घरांच्या सावल्या उजवीकडे पडतात आणि चित्रातल्या होडीची डावीकडे. म्हणजे खोऱ्याला दोन सूर्य. एमिल म्हणाला, मला एकसुद्धा दिसत नाही, तुम्हाला दोन दिसतात तर तुमची चैन आहे. हार्लनला सांगतानाही हसू आवरत नव्हतं. बर्नाडेट ऐकत होती. तिचे पाय गरम पाण्याच्या टबात होते.

एप्रिलच्या शेवटी काउंटीची बाई सुरू झाली. मिसेस ग्रिम्सली, सत्तरीला टेकलेली, नातवंडांची आजी. त्या पहिल्या बुधवारी बर्नाडेट दोन वाजता सुटली आणि गाडी सवयीने पुलाकडे वळली. पेट्रोलपंपावरून तिने ती मागे घेतली. घरी आली. या वेळी आपल्या घरात ऊन कुठे असतं हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. ते बैठकीच्या खोलीत, लेनर्डच्या खुर्चीवर होतं. तिने टोस्ट केला आणि उभ्यानेच खाल्ला. कपडे धुवायला टाकावेत असं मनात आलं. टाकले नाहीत. एमिलने गोळ्या घेतल्या असतील का, असं आलं. तो विचार काही केल्या जाईना, पण ती खुर्चीत बसली आणि विचारही तिच्यासोबत बसून राहिला.

पावणेचारला फोन वाजला.

एमिल तक्रार करत होता. मिसेस ग्रिम्सली गोळ्यांचा डबा भलत्याच फडताळात ठेवते. टपाल वाचताना ओरडते, जसा काही मी बहिरा आहे. सुपात बार्ली घातली, विचारलं नाही. तळघरात न्यायला सांगितलं तर म्हणाली, आधी जेवा. मग खाली गेली आणि पंधरा मिनिटं त्या तळ्यासमोर उभी राहिली. एमिलने विचारलं, काय दिसतंय, तर म्हणाली, छान आहे.

"छान आहे," तो पुन्हा म्हणाला. "एवढंच. चित्र कसं आहे, तर छान आहे. तू बरी होतीस."

"ड्रॉवर उघडले तिने?"

"अजून नाही."

"मग बरं."

त्याच्याकडच्या रेडिओचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, तू काय करतेयस. ती म्हणाली, काही नाही, बसलेय. त्याने विचारलं, काही नाही म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे काही नाही, एमिल.

"शुक्रवारी येशील ना?"

"येते शुक्रवारी."

तिने फोन ठेवला. पायातले मोजे काढायचे राहिले होते. ते काढायला ती वाकली, एक काढला आणि दुसऱ्याला हात लावायच्या आधीच, मोजा हातात धरून, खुर्चीत मागे रेलून तिला झोप लागली.